जुन्या वाड्याचा दगड नव्या घरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा साताऱ्याकडचा वाडा उतरवला आणि त्याच्याच दगडात नवे घर बांधले. तेव्हापासून आधी भाऊबंद, मग त्यांच्या ओळखीचे, असे लोक विचारायला येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे एकदाच नीट लिहून काढली आहेत. ज्यांचा वाडा अजून उभा आहे त्यांनी तिसरा प्रश्न आधी वाचावा. पुढचे सगळे त्यावरच ठरते.

जुना दगड म्हणजे कोणकोणता?

देशावर मुख्यतः काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून सह्याद्री झाला आणि आपले जोते, ओसरी, पायऱ्या, आडाची बांधणी सगळे त्यातूनच निघाले. कोकणात आणि गोव्यात जांभा. घरातल्या जमिनीला शहाबादी, ओट्याला कडप्पा. शहाबादी कर्नाटकातल्या शहाबादची आणि कडप्पा आंध्रातला. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, आणि धुताना हे विसरले की नुकसान होते. मुंबईच्या जुन्या इमारतींत मालाडचा पिवळसर दगड आणि पोरबंदरचा फिकट दगडही भेटतो.

या प्रत्येकाचा स्वभाव निराळा, त्यामुळे एकाला लागू पडते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही. खाली जिथे नुसता ‘दगड’ म्हटले आहे तिथे काळा दगड समजावा.

शंभर-दीडशे वर्षांचा दगड अजून मजबूत असतो का?

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले आहे आणि ते याच खडकात कोरले आहे. दगडाला शंभर वर्षे म्हणजे काहीच नाही. तरी वाड्यातला प्रत्येक दगड चांगलाच असेल असे धरून चालू नका, कारण बांधणाऱ्यांनी तेव्हाही दर्शनी बाजूला उत्तम दगड लावला आणि आत मिळेल तो घातला.

पारखायची रीत सोपी आहे. दगड मोकळा उचलून दुसऱ्या दगडावर टेकवा आणि हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर घ्या. बद्द आवाज आला तर आत चीर आहे किंवा दगड कुजका आहे. मग पाणी टाका. चांगल्या काळ्या दगडावरून पाणी ओघळते. जो दगड पाणी शोषून काळपट होतो आणि तासाभरानेही ओला दिसतो, तो जोत्यात घालू नका. कडेला कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर तो झिजायला लागला आहे. पांढरे ठिपके दिसले की लोक घाबरतात. लाव्हातल्या हवेच्या पोकळ्यांत नंतर भरलेली ती खनिजे असतात. ठिपके थोडे असतील तर काळजी नाही, दगड चाळणीसारखा असेल तर तो बागेत वापरा.

दोन ठिकाणच्या दगडाबाबत जास्त सावध राहा. एक, जळालेला वाडा. आगीत तापलेल्या दगडाला बारीक चिरा जातात आणि कधी महिन्यांनी ढलप्या निघतात. दुसरा गोठा आणि जुना संडास. तिथल्या दगडात क्षार मुरलेले असतात आणि नव्या भिंतीवर पहिल्याच पावसाळ्यानंतर पांढरा लोणा फुटतो. असा दगड पाण्यात बुडवून, ब्रशने घासून, उन्हात वाळवून पाहायचा, आणि हे तीनचार वेळा करायचे. तरी लोणा येत असेल तर त्याला घराच्या भिंतीत जागा नाही.

वाडा जेसीबीने पाडला तर काय बिघडते?

जवळजवळ सगळे बिघडते. आमच्याकडे मागची पडवी घाईत जेसीबीने पाडली. दोन तासांत काम झाले. बादली भिंतीत घुसली, दगड, माती, कौलांचे तुकडे आणि वासे एकत्र ढासळले, आणि पंजाने ओढताना घडीव दगडांचे कोपरे उडाले. कोपरा गेलेला दगड दर्शनी थरात बसत नाही. त्या पडवीचे निम्मे दगड आम्ही शेवटी भरावात टाकले. त्यानंतर पुढचा सोपा आणि मुख्य भिंती हाताने उतरवल्या, त्याला सव्वा महिना लागला, पण फुटलेले दगड बोटांवर मोजण्याइतके निघाले.

उतरवायचा क्रम बांधण्याच्या बरोबर उलटा. आधी कौले, मग वासे, तुळया, मग वरच्या मजल्याच्या विटा, आणि शेवटी दगड, वरच्या थरापासून. थर संपल्याशिवाय खालच्या थराला हात लावायचा नाही. दरजेतला, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातला, चुना छन्नीने मोकळा करायचा, पहारीने दगड थोडा हलवायचा आणि दोघांनी धरून उचलायचा. वरून खाली फेकायचा नाही. फळीवरून किंवा दोराने उतरवायचा. दीड फूट लांब आणि पाऊण फूट रुंद व उंच दगड ६५ ते ७० किलोचा असतो, म्हणून बुटाशिवाय आणि हातमोज्यांशिवाय कुणालाही भिंतीवर चढू देऊ नका.

आणखी एक. उतरवण्याआधी प्रत्येक भिंतीचे समोरून फोटो काढा, त्यांचे मोठे कागद छापा आणि दगडांना आकडे द्या. कमान, चौकट, पायऱ्या, खांबांची तळखडी यांना तर द्याच. आकडा ऑइलपेंटने आणि दगडाच्या मागच्या बाजूला घाला. आम्ही एका भिंतीचे आकडे खडूने घातले. वळवाचा एक पाऊस झाला आणि सकाळी सगळे दगड कोरे.

गोव्यातले कुर्डीचे महादेवाचे देऊळ साळावली धरणाच्या पाण्यात जाणार होते. पुरातत्त्व खात्याने त्याचा दगड अन् दगड सुटा करून दुसरीकडे पुन्हा उभा केला. आपल्या चार भिंतींना तेवढे शास्त्र लागत नाही, पण शिस्त तीच.

जुन्या भिंतीतून दगड किती मिळतो?

लोकांच्या अंदाजापेक्षा खूप कमी. वाड्याची भिंत अडीच फूट जाड दिसते, पण घडीव दगड फक्त बाहेरच्या तोंडाला असतो, साधारण पाऊण फूट. आतले तोंड डबराचे, म्हणजे न घडवलेल्या दगडाचे, आणि मधे माती नि चिपांची भर. म्हणजे १० फूट लांब आणि १० फूट उंच भिंत धरली तर ती एकूण २५० घनफूट, अडीच ब्रास. त्यातला घडीव दगड जेमतेम ७५ घनफूट, आणि दरजा नि फूटतूट वजा जाता आणखी कमी. डबर मात्र भरपूर निघतो आणि तो पायासाठी सोन्यासारखा आहे.

विकत घ्यायचा असेल तर ब्रासवर घ्यावा, नगावर की वजनावर?

घडीव दगड नगावर, पायरी आणि पट्टी धावत्या फुटावर, डबर ब्रासवर किंवा टनावर. ब्रास म्हणजे १०० घनफूट. भरीव काळा दगड घनफुटाला साधारण ८० किलो भरतो, म्हणून सबंध ब्रास आठ टनांच्या घरात जाईल. पण ट्रॉलीत ओतलेल्या डबरात तिसरा हिस्सा तरी पोकळी असते, तेव्हा प्रत्यक्षात पाच-साडेपाच टनच दगड पदरात पडतो. दोन विक्रेत्यांचे भाव ताडताना एकाचा रचलेला ब्रास आहे आणि दुसऱ्याचा ओतलेला, हे आधी विचारून घ्या.

आणि दगड जागेवर जाऊन पाहा. फोटोत सगळेच काळेभोर दिसतात.

दगडाला चिकटलेला चुना, सिमेंट, रंग कसा काढायचा?

चुना सोपा आहे. दोन दिवस पाणी मारले की छन्नीच्या हलक्या फटक्याने खपली निघते. सिमेंट निघता निघत नाही. ते दगडाचा पापुद्रा घेऊनच येते, म्हणून सिमेंटची बाजू मागे फिरवून बसवावी. ऑइलपेंटला रंग काढायचे पेस्ट लावून प्लास्टिकच्या ब्रशने घासावे. वाळूचा मारा करून घेऊ नका. दगड एका दिवसात नवा दिसतो खरा, पण दगड घडवताना पडलेले टाकीचे, म्हणजे छन्नीचे, घाव पुसले जातात आणि त्याचा चेहराच जातो.

अॅसिडने धुण्याचा सल्ला हमखास मिळेल. शहाबादी, कडप्पा, कोटा, पोरबंदरी यांना अॅसिड लागले की फेस येतो, म्हणजे तुमचा दगडच विरघळतो आहे. शंका असेल तर कोपऱ्यावर लिंबू पिळून दहा मिनिटे ठेवा. डाग फिका पडला तर तो चुनखडीचा दगड.

दगडी घर भूकंपात पडते ना? किल्लारीला काय झाले ते आम्ही पाहिले आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच उडवून लावत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि बहुतेक जण आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात दगडी भिंतीची धास्ती बसली, ती अगदी खरी आहे.

पण त्या भिंती कशा होत्या ते पाहिले पाहिजे. दोन-अडीच फूट जाड, आतले नि बाहेरचे असे दोन वेगळे पडदे, मधे मातीची भर, दगड गोल आणि न घडवलेले, जोडायला चिखल, आणि डोक्यावर मातीचे जड धाबे. दोन पडद्यांना बांधणारा आडवा दगडच नव्हता. जमीन हलली तसे पडदे एकमेकांपासून सुटले, फुगले, आणि धाबे खाली आले. गाठ नसलेल्या भिंतीत घडीव दगडानेही फारसा फरक पडला नसता.

म्हणून दगड कुठलाही असो, पुढच्या गोष्टींत तडजोड नको. भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. एका वेळी दोन फुटांपर्यंतच चढवा आणि थर सारखा करून घ्या. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत जास्तीत जास्त चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो घाला. तेवढा लांब दगड नसेल तर भिंतीच्या जाडीच्या पाऊणपट लांबीचे दोन दगड शेजारी शेजारी आतबाहेर गुंतवा, किंवा काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्या. कोपऱ्यांत लांब दगड आलटून पालटून दोन्ही भिंतींत शिरले पाहिजेत. जोत्यावर, दाराखिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा सलग फिरवा. आणि छप्पर हलके ठेवा.

वाडा उतरवताना लांबलचक हेडर हाती लागतात. बघायला ओबडधोबड असल्याने गवंडी पहिल्यांदा तेच फोडून दोन दगड करतो. आमच्याकडे सहा फोडले गेले, तेव्हा लक्षात आले. त्यांना लाल रंगाची खूण करून वेगळे रचा.

दगडावर छताचा भार द्यायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून नकाशा करून घ्यायचाच. कोयना खोऱ्यात आणि लातूर-धाराशिवकडे तर त्याशिवाय पहिला दगडही ठेवू नका.

चुन्यात बांधावे की सिमेंटात?

मला चुना आवडतो आणि त्याला कारण आहे. चुन्यातली भिंत ओल घेते नि सोडते, थोडी हालचाल सोसते, आणि उद्या कुणाला ती उतरवायची झाली तर दगड पुन्हा सुटा होतो. आपल्या आजोबांनी चुना वापरला म्हणूनच तो दगड आपल्या हाती आला. पण चुना वेळ मागतो. भिजवलेला चुना मुरवायचा, सुरखी, म्हणजे विटांचा भुगा, मिसळायची, भिंत ओल्या पोत्याने झाकायची, पावसाळ्यात काम थांबवायचे. आणि हे जाणणारा गवंडी हवा.

तो मिळत नसेल तर १:६ सिमेंट, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, चालेल. फक्त एक करा. जुनी, चुन्यातली भिंत उभी ठेवून तिच्या दरजा नव्याने भरणार असाल तर तिथे सिमेंट नको. ओल आत कोंडते आणि दगडाच्या कडा झडायला लागतात.

आमचे घर आरसीसीचे आहे. मग जुना दगड कुठे वापरायचा?

जोत्याचे तोंड, पायऱ्या, कंपाउंड, अंगणातली फरसबंदी, पार, तुळशीवृंदावन, शेताच्या ताली. हे सगळे थेट जमिनीवर उभे राहते, म्हणून बीमवर भार येत नाही. पहिल्या मजल्यावर पाऊण फुटी दगडाची भिंत चढवायचा हट्ट धरू नका. वरच दगड हवा असेल तर गिरणीत दीड-दोन इंचाचे पातळ काप करून घ्या आणि स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पने पकडा. नुसते चिकटवून सोडू नका. कापणे पाण्याखालीच झाले पाहिजे, आणि कापणाऱ्याच्या तोंडाला साधे फडके नव्हे, धुळीचा मास्क हवा. दगडाची कोरडी धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही.

जुन्या पायऱ्या मधे झिजून गुळगुळीत झालेल्या असतात आणि पावसात माणूस घसरतो. पूर्वी पाट्याला टाकी लावणाऱ्या बाया दारावरून हाक देत जात, तशीच पायरीला टाकी लावून घ्यायची.

जांभ्याचे नियम वेगळे आहेत का?

हो. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा-ऊन लागून कठीण होतो, तेव्हा जुन्या घराचा चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव ठोकळा, नव्या चिऱ्यापेक्षा मुरलेला असतो. पण तो पाणी पितो. त्याला जमिनीपासून वर उचला, खाली काळ्या दगडाचे किंवा काँक्रीटचे जोते द्या आणि छपराची पाख भरपूर बाहेर काढा. सिमेंटचा गिलावा झालेला चिरा सोडवताना त्याचे तोंडच निघून येते, असा चिरा भिंतीसाठी घेऊ नका. कोपरे गेलेल्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, उत्तम होतो. कोकणात तो नुसता रचतात, दरजा भरतच नाहीत, आणि पावसाचे पाणी त्यातून आपोआप वाट काढते.

शहाबादी फरशी न फोडता कशी काढायची?

भिंतीकडची एक फरशी बळी द्यायची, मग तिच्या जागेतून दुसरीच्या पोटाखाली चपटी पहार सरकवायची. वरून घाव घालायचा नाही. काढलेल्या फरश्या आडव्या थप्पीने रचल्या की खालच्या तडकतात. भिंतीला टेकवून उभ्या ठेवाव्यात, मधे सुतळी किंवा गवत घालून.

किल्ल्यावरचे, पडक्या देवळाचे दगड नुसते पडून आहेत. ते आणले तर?

नाही. या प्रश्नाला दुसरे उत्तर नाही. संरक्षित स्मारकांना १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा लागू आहे. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात गेले, त्यातले ११ आपल्या राज्यात आहेत. पण यादीत नाव असो नसो, तटाचा ढासळलेला दगड हा त्याच तटाचा असतो आणि उद्या डागडुजी करायची झाली तर तोच लागणार आहे.

स्वतःच्या वाड्याच्या पायातही वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ (गाढवाचा शाप कोरलेला दानाचा दगड) किंवा अक्षरे कोरलेला दगड निघू शकतो. जुन्या काळी सापडेल ते बांधकामात घालत. असा दगड दिसला की काम थांबवा, तो हलवू नका, फोटो घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. शंभर वर्षांहून जुने शिल्प वा शिलालेख १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. जमिनीत पुरलेली नाणी किंवा भांडे सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना सांगावे लागते. शहरात असाल तर वाडा वारसा यादीत आहे का, हेही पाडण्याआधी पाहा.

ट्रकने दगड नेताना कागद लागतात का?

दगड हे गौण खनिज आहे आणि भरलेली गाडी रस्त्यात अडवली जाऊ शकते. पाडकामाच्या परवानगीची प्रत, मालकाचे पत्र किंवा विक्रीची पावती, आणि वाड्याचे जुने फोटो गाडीत ठेवा. आधी तहसील कचेरीत विचारून घेतलेले बरे.

स्वस्त पडतो का?

दगड स्वस्त, हात महाग. आपलाच वाडा असेल तर मालाचे पैसे वाचतात, पण हाताने उतरवणे, साफ करणे, निवडणे आणि पुन्हा घडवणे यात मजुरी जाते. वाहतूक लांबची असेल तर हिशेब आणखी बिघडतो. ज्यांना फक्त पैसे वाचवायचे आहेत त्यांना मी हे काम सुचवत नाही. ज्यांना घराची भिंत पुढच्या चार पिढ्या टिकायला हवी आहे आणि डोंगर आणखी एका सुरुंगाने फुटायला नको आहे, त्यांनी जरूर करावे.

कारागीर कुठे शोधायचे?

जिथे देवळाचे काम चालू आहे तिथे जा. तिथले पाथरवट ओळखीचे हात सांगतात. माणूस ठरवण्याआधी त्याला पाच फूट लांब, तीन फूट उंच नमुना भिंत घालायला सांगा आणि तिची मजुरी द्या. तो दगड हातात फिरवून पाहतो की पहिल्या फटक्यातच फोडतो, यावर सगळे समजते. चांगला पाथरवट आधी दगडाची जागा शोधतो आणि नाइलाजाने छन्नी उचलतो.

उरलेल्या चिपा आणि मातीचे काय?

चिपा भरावात आणि पावसाच्या पाण्याच्या शोषखड्ड्यात घाला. भिंतीतली पांढरी माती चाळून नव्या गिलाव्यात वापरता येते. खडीसाठी क्रशरवर घडीव दगड पाठवणे हा शेवटचा पर्याय. एकदा फुटला की तो पुन्हा दगड होत नाही.

दगडावरचे जुने डाग, खाचा, काजळी घासून काढावी का?

सैलसर धूळ आणि शेवाळ काढा, बाकीचे राहू द्या. चुलीमागच्या दगडाची काजळी आम्ही तशीच ठेवली. आमच्या आडाच्या काठाच्या दगडाला दोराने पडलेल्या चार खाचा होत्या, बोटभर खोल, आतून आरशासारख्या गुळगुळीत. गवंड्याने तो उलटा बसवून सपाट बाजू वर घ्यायचे सुचवले होते. मी तो मागच्या दारी नळाखाली खाचा वर ठेवून बसवला. आई भांडी विसळून झाली की हात पुसताना अजून त्या खाचांवरून बोट फिरवते आणि सगळ्यात खोल खाच कोणती, ते सांगते. ती तिच्या सासूच्या हाताची.